आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी का होती आणि ती योग्य होती का?

बंदी होती आणि ती अन्यायाची होती, असे माझे स्पष्ट मत आहे. १९४० मध्ये, लायोनेल फील्डन नियंत्रक असताना, ऑल इंडिया रेडिओने पेटीला स्टुडिओचे दार बंद केले. पेटीचे सूर जागच्या जागी पक्के असल्यामुळे तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही आणि श्रुतींचे, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, बारकावे हरवतात, हा मुख्य आक्षेप होता. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लिहिले होते. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नकोशी होती. इंग्रज गेले, तरी बंदी राहिली.

माझे वडील पेटीची साथ करीत. ज्या गवयाबरोबर ते गावोगावच्या मैफिलींत बसत, त्याच्या रेडिओवरील गायनाला मात्र सारंगी असे. त्या रात्री वडील रेडिओसमोर पेटी मांडत आणि भाता अगदी हलका ठेवून, गवयाच्या आवाजाखाली राहील इतक्याच आवाजात, अख्खा ख्याल वाजवीत. तान संपवून गवई कुठे दम घेणार हे त्यांना पाठ होते आणि तिथे ते षड्ज धरून ठेवीत, जणू पलीकडे तो ऐकू जाणार होता. माझे काका दर वेळी म्हणत, ‘‘दादा, दरबारी रागाचा आंदोलित, झुलता गंधार या पट्ट्यांतून काढून दाखव.’’ वडील उत्तर देत नसत.

ते उत्तर मी देतो. साथीदाराने गवयाचा गंधार काढून दाखवायचाच नसतो. तिथे बोट उचलून त्याला वाट द्यायची आणि तो थांबला की सुराची जागा रिकामी पडू द्यायची नाही, हे साथीचे काम आहे. नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंबे यांनी थोर गायक भास्करबुवा बखले यांना पेटीवरच साथ केली होती.

बंदी रेडिओपुरतीच होती, हेही सांगायला हवे. कीर्तन, भजन आणि मैफिलींत पेटी वाजतच राहिली. १९७१ मध्ये साथीपुरती मोकळीक मिळाली, स्वतंत्र वादनाला मात्र नाही. मींडेचा आक्षेप तंत्रदृष्ट्या खरा आहे, हेही मला मान्य आहे. तरीही तुमच्या घरात कोणी हा गंधाराचा प्रश्न काढलाच, तर त्याला एवढेच विचारा, की रेडिओवर सारंगी घेऊन गाणारे गवई, कोणाचीही सक्ती नसताना, मैफिलीत पेटीवाल्यालाच का बोलावीत होते.