आईची 'फिट' चाचणी पॉझिटिव्ह आली, पण मूळव्याध आहे. कोलोनोस्कोपीऐवजी चाचणीच पुन्हा केली तर चालेल का? (इंग्लंड)

नाही, चालणार नाही. कोलोनोस्कोपीच, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी, करून घ्या. मी एंडोस्कोपी विभागात नर्स आहे आणि हा प्रश्न सतत ऐकते. 'फिट' ही आतड्याच्या कॅन्सरसाठीची प्राथमिक चाचणी फक्त शौचातलं रक्त ओळखते, ते कुठून आलं हे सांगत नाही. मूळव्याध आणि पॉलिप (आतड्याच्या आत वाढलेली छोटी गाठ) एकाच माणसाला असू शकतात. पॉलिप रोज रक्त सोडत नाही, म्हणून दुसरी चाचणी निगेटिव्ह आली तरी पहिली रद्द होत नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, हे आईंना आवर्जून सांगा. पॉलिप सापडला तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढतात. पण रेंगाळू नका: 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दहा महिन्यांहून जास्त उशीर झालेल्यांत कॅन्सर, तोही पुढच्या टप्प्यातला, जास्त आढळला.

लोक खरे घाबरतात ते पोट साफ करण्याच्या औषधाला. ते गार करून, स्ट्रॉने, थोडं थोडं प्यायलं की बरंच सुसह्य होतं. तपासणीआधीचे काही दिवस भाकरी, पालेभाज्या, तीळ बंद. पांढरा भात, दही, साल काढलेला बटाटा चालतो. गुंगीचं इंजेक्शन घेणार असतील तर घरी न्यायला कुणीतरी हवं.

मात्र आई खूप अशक्त असतील, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल, मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर स्क्रीनिंग नर्सला आधीच सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. काहींना सीटी कोलोनोग्राफीचा (सीटी स्कॅनने आतडं तपासण्याचा) पर्याय देतात.