पोर्ट ८० चा २०४८० कसा झाला?

प्रश्न : मी सी भाषेत सॉकेट प्रोग्रॅमिंग शिकतो आहे. सर्व्हिसच्या नावावरून तिचा पोर्ट क्रमांक शोधणाऱ्या गेटसर्व्हबायनेम या फंक्शनला 'एचटीटीपी' आणि 'टीसीपी' दिलं, तर पोर्ट २०४८० छापला जातो. सर्व्हिसची नावं आणि पोर्ट यांची यादी असलेल्या सर्व्हिसेस फाइलमध्ये मात्र ८० आहे. मग 'एचटीटीपीएस' विचारलं, तर आधीच्या पॉइंटरमधलं 'एचटीटीपी'चं उत्तरही ४७८७३ होऊन बसलं. फाइल बिघडली आहे का?

उत्तर : फाइल ठीक आहे, तिला हात लावू नका. हे फंक्शन सर्व्हेंट नावाच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर देतं आणि त्यातला एस_पोर्ट, म्हणजे पोर्टचा आकडा, नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये असतो, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी. ८० चे दोन बाइट शून्य आणि ८० असे येतात. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर लहान किमतीचा बाइट आधी धरतो, म्हणून तो ८० गुणिले २५६ वाचतो. तेच तुमचे २०४८०. छापण्यापूर्वी आकडा एनटीओएचएस या नेटवर्कचा क्रम मशीनच्या क्रमात बदलणाऱ्या फंक्शनमधून काढा, ८० दिसेल. पण सॉकेटच्या पत्त्यातल्या सिन_पोर्टमध्ये भरताना तो आहे तसाच ठेवा. त्या फील्डला हाच क्रम लागतो. तिथे सवयीने एचटीओएनएस हे उलट दिशेचं फंक्शन लावलं की बाइट पुन्हा उलटतात आणि प्रोग्राम भलत्याच पोर्टवर जातो. या सगळ्या फंक्शनांना एकच नियम नाही, हे मला आजही खटकतं. नेटवर्कच्या नावावरून माहिती देणारं गेटनेटबायनेम जो नेटवर्क क्रमांक देतं, तो होस्टच्या, म्हणजे तुमच्या मशीनच्या, क्रमात असतो! तेव्हा प्रत्येकाचं मॅन पेज, म्हणजे माहितीपान, उघडून बघाच.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. मिळालेला पॉइंटर लायब्ररीच्या स्वतःच्या स्टॅटिक जागेचा असतो आणि पुढच्या कॉलला तीच जागा पुन्हा लिहिली जाते. हवा तो आकडा लगेच आपल्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या. स्ट्रक्चरची वरवरची कॉपीही पुरत नाही, कारण आतलं नाव आणि टोपणनावं हेही पॉइंटरच. कोणाचाही असा कोड तपासायला आला की मी आधी हेच बघतो, कारण दोन थ्रेड एकमेकांची उत्तरं पुसू लागले तर चाचणीत ते क्वचितच सापडतं.

नवा कोड लिहीत असाल तर आग्रहाने सांगतो, गेटॲड्रइन्फो वापरा. होस्ट आणि सर्व्हिस दोन्हींची नावं एकदम देता येतात, आयपीव्ही४ व आयपीव्ही६ दोन्ही पत्ते मिळतात, आणि आलेली यादी तुमची असते. काम झालं की फ्रीॲड्रइन्फोने सोडायची. होस्टच्या नावावरून पत्ता शोधणारं जुनं गेटहोस्टबायनेम तर पॉझिक्स या युनिक्स प्रणालींसाठीच्या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीतून काढूनच टाकलं आहे.

आणि नल, म्हणजे काही न सापडल्यास मिळणारा रिकामा पॉइंटर, आला आहे का हे तपासल्याशिवाय एस_पोर्टला हात लावू नका. छोट्या कंटेनर इमेजमध्ये कित्येकदा सर्व्हिसेस फाइलच नसते, मग प्रोग्राम तिथेच कोसळतो. लिनक्सवर शंका आली तर टर्मिनलवर 'गेटएंट सर्व्हिसेस एचटीटीपी' चालवा. ते तुमच्या प्रोग्रामसारखंच एनएसस्विच फाइलमध्ये (नावं कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायची हे सांगणाऱ्या) ठरवलेल्या क्रमाने शोधतं. होस्टचं नाव तपासताना मात्र एनएसलुकअप या कमांडवर विसंबू नका. ते थेट डीएनएसला विचारतं, होस्ट्स फाइल बघत नाही.