कंपनीचं कार्बन उत्सर्जन कमी करायला सुरुवात कुठून करावी?

तुमचं 60 माणसांचं मशीन शॉप आहे, युरोपातल्या ग्राहकाने कार्बन कमी करण्याचा आराखडा मागितलाय, आणि तुम्ही विचारताय की आधी सोलर बसवू, झाडं लावू की इलेक्ट्रिक टेम्पो घेऊ. माझं स्पष्ट मत आहे, यातलं काहीच आधी नको. गेल्या 12 महिन्यांची वीजबिलं आणि डिझेलच्या पावत्या घेऊन बसा. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, लिटरभर डिझेलमागे 2.7 किलो. मशीन शॉपमध्ये बहुतेक वेळा वीजच भारी भरते आणि टेम्पोचा विषय तिथेच मागे पडतो.

मग मशिनांना दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरकडे वळा, तिथे गळतीत बरीच वीज वाया जाते. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, मेंटेनन्सला आहे. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळी मशिनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवला. हवा कुणीच वापरत नव्हतं, तरी तो दर दोन-तीन मिनिटांनी लोड घ्यायचा, म्हणजे पुन्हा हवा भरायला लागायचा. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन लाइनभर फिरलो, तर कपलिंगवर, जुन्या होजवर, फेटलिंगच्या (ओतलेला भाग घासून साफ करायच्या) ग्राइंडरपाशी, जिकडेतिकडे बुडबुडे! 7 बार दाबाला 3 मिलिमीटरचं एक भोक सुमारे 3 किलोवॅट खातं. वर्षाला 7,000 तास धरले तर 21,000 युनिट, म्हणजे जवळजवळ 15 टन कार्बन डायऑक्साइड. आणि बुजवायला काय लागतं, तर एखादा क्लॅम्प नाहीतर टेफ्लॉन टेप. प्रेशरही बघा. 6 बारवर काम भागत असेल तर 7 वर ठेवू नका, एका बारमागे 6-7 टक्के वीज वाचते.

सोलर जरूर बसवा, पण यानंतर. आपल्याकडे एका किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. म्हणजे त्या एका भोकापायी 14-15 किलोवॅटची पॅनेल लागतील. झाडं तर लावाच, फक्त आराखड्यात ती वजाबाकी म्हणून दाखवू नका.

आणखी एक. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाहेरून घेत असाल तर ग्राहक त्याचा कार्बनही तुमच्याच खात्यात धरू शकतो. इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला सुमारे 600 युनिट जातात. तुमच्या फाउंड्रीवाल्याला टनामागचे युनिट विचारा. आमच्या एका ग्राहकाने विचारले, तेव्हापासून मोल्ड (साचा) तयार झाल्याशिवाय आम्ही हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा घाणा, काढत नाही, आणि भट्टीचं झाकण उघडं ठेवणं बंद केलंय.