गर्भ गर्भाशयातच तयार होतो ना? मग नसबंदीत नळ्या का बांधतात?

गर्भाशयात तो रुजतो. तयार होतो त्याआधी, बीजवाहिनीत, म्हणजे त्याच नळीत. दर महिन्याला बीजाशयातून साधारण एक स्त्रीबीज सुटतं. नळीच्या टोकाची झालर ते आत ओढून घेते. तिथे ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत तग धरू शकतात, म्हणून बीज सुटण्याआधीच्या संबंधातूनही दिवस जातात. (‘सेफ पीरियड’, म्हणजे दिवस न जाण्याचे ‘सुरक्षित’ दिवस, मोजणाऱ्यांचे हिशेब इथेच चुकतात.) स्खलनात कोट्यवधी शुक्राणू निघतात, बीजापर्यंत फार थोडे पोचतात, आत शिरतो एकच. फलित बीज ३-४ दिवसांत गर्भाशयात उतरतं आणि साधारण आठवड्याभरात अस्तरात रुजायला लागतं.

नळ्या बांधल्या की ही भेटच होत नाही. बीजाशय आणि गर्भाशय जागेवरच असतात, त्यामुळे पाळी येत राहते.

खरं तर पुरुषाची नसबंदी याहून सोपी, पोट उघडावं लागत नाही. तरी आपल्याकडे ऑपरेशनला बाईलाच पुढे करतात. पुरुषाच्या नसबंदीत वृषणाकडून येणारी, शुक्राणू वाहून नेणारी शुक्रवाहिनी कापतात. वीर्य येतच राहतं, कारण त्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो. फक्त पहिले ३ महिने, वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असं दिसेपर्यंत, निरोध वापरायचा.