मलमली हुजऱ्या की मलमली पतंग?

वेल्समध्ये राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे, की त्यांच्या घरामागच्या दगडी गडग्याजवळ रात्री दिव्यावर जे इवलंसं फिकट करडं पाखरू येतं, इंग्रजीत मस्लिन फुटमन, त्याला मराठीत 'मलमली हुजऱ्या' म्हटलं तर चालेल का.

ताई, मलमल अगदी बरोबर. ह्याच्या पंखांवर खवले इतके विरळ असतात की पंख अर्धपारदर्शक दिसतात, तलम कापडासारखे. शास्त्रीय नाव न्यूडारिया मुंडाना, त्यातलं मुंडाना हे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने दिलेलं, १७६१ सालचं.

हुजऱ्या मात्र मला पटत नाही. ह्याचे बरेचसे भाऊबंद पंख अंगाशी घट्ट लपेटून सरळ ताठ बसतात, ते बघून इंग्रजांना फुटमन, म्हणजे गणवेशातला नोकर आठवला, पण हा तसा बसतच नाही, मग नुसत्या घराण्याच्या नावासाठी मराठीत हुजऱ्या कशाला आणायचा? त्यापेक्षा तो काय खातो ते बघा. सुरवंट केसाळ असतो आणि भिंतीवरचं, खडकावरचं, झाडाच्या खोडावरचं लायकेन खाऊन वाढतो, थंडी सुरवंट म्हणूनच काढतो आणि जून ते ऑगस्टच्या सुमाराला पतंग उडायला लागतात. म्हणजे तुमचा दगडी गडगा हेच त्याचं घर आणि तेच त्याचं ताट!

आता लायकेनला बरेच जण सरसकट शेवाळ म्हणतात, ते चूक. पुस्तकी शब्द शैवाक, त्यात शैवाल आणि कवक दोन्ही ऐकू येतात आणि लायकेन म्हणजे ह्या दोघांचा एकत्र संसारच असतो, त्यामुळे शब्द छान आहे, पण बोलताना कुणी वापरत नाही. आपल्याकडे घराघरात आहे ते दगडफूल, गोड्या मसाल्यातलं. ते लायकेनच. कुणी म्हणेल की मसाल्यातली जात वेगळी आणि वेल्सच्या भिंतीवरची वेगळी, ते खरंय, पण जातीपुरतं असलेलं नाव गटाला द्यायला काय हरकत आहे, आणि गंमत म्हणजे ह्या पतंगांच्या गटाचं नाव लिथोसिइनी, त्यातला लिथॉस म्हणजे ग्रीकमध्ये दगडच.

फुलपाखरू मात्र म्हणू नका, पतंगच म्हणा. लिहिताना पहिल्यांदा 'दगडफुलावर वाढणारा मलमली पतंग' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'मलमली पतंग' पुरेल.