बारावी सायन्सनंतर बीबीएला अ‍ॅडमिशन घेतलंय, मॅनेजमेंट म्हणजे नुसतं पाठांतरच असतं का?

तू लिहिलंयस की घरची केळी आहे, यावलकडून जळगावला आलाय आणि पहिल्याच महिन्यात फेयॉलची (मॅनेजमेंटच्या जुन्या विचारवंतांपैकी एक) १४ तत्त्वं पाठ करून डोकं उठलंय. साहजिक आहे भो, नोट्समध्ये तो विषय असाच दिलेला असतो, व्याख्या, मुद्दे, फायदे, तोटे, संपलं. मी पण इथेच बीबीए केलं आणि आता एका डाळमिलचं खरेदी-डिस्पॅच बघतो, म्हणून सांगतो, तत्त्व पाठ करायच्या आधी ते सांगणारा माणूस कुठे कामाला होता आणि त्याचं काय अडलं होतं ते बघ.

फेयॉलसोबत नोट्समध्ये दुसरा असतो तो टेलर, अमेरिकेतला, स्टील कंपनीत. त्याच्या १९११ च्या पुस्तकात हिशोब आहे की बेथलेहेमला एक माणूस दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड वॅगनमध्ये भरायचा, तेच त्याने साडेसत्तेचाळीस टनांवर नेलं, आणि मजुरी १.१५ डॉलरची १.८५ केली. म्हणजे काम जवळपास चौपट आणि पैसे दीडपटीपेक्षा थोडे जास्त, आता हे आपल्या हमालांना सांगून बघ काय म्हणतात ते! (पुढे अभ्यासकांनी या गोष्टीवरच शंका घेतल्या, पण ते गाईडमध्ये सापडणार नाही.) फेयॉल फ्रान्समधला खाण इंजिनिअर, १८८८ मध्ये डबघाईला आलेल्या खाण कंपनीचा प्रमुख झाला आणि ती सावरली, पुस्तक आलं १९१६ ला. म्हणजे एक जण मजुराच्या फावड्यापासून वर बघतोय आणि दुसरा साहेबाच्या खुर्चीतून खाली.

आणि म्हणूनच दोघं एका ठिकाणी सरळ भांडतात. टेलर म्हणतो एका कामगारावर आठ फोरमन ठेवा, प्रत्येकाने आपापल्या कामाचं सांगायचं. फेयॉल म्हणतो माणसाला हुकूम एकाच साहेबाकडून मिळाला पाहिजे, युनिटी ऑफ कमांड. वर्गात दोन्ही उत्तरं दोन वेगळ्या युनिटमध्ये असतात त्यामुळे पोरं दोन्ही पाठ करतात आणि हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

आता तुझ्याच बागेत बघ. कटाईला टोळी आली की तुझे वडील म्हणतात ही ओळ पूर्ण घे, व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो फक्त भरलेला घड काप, बारीक राहू दे. कापणारा विळा घेऊन मधे उभा. ऐकतो कोणाचं? ज्याच्याकडून मजुरी निघते त्याचं, म्हणजे बहुतेक वेळा व्यापाऱ्याचं किंवा मुकादमाचं, बाग तुमची असली तरी. यात युनिटी ऑफ कमांड आली, अथॉरिटी कुठून येते ते आलं, आणि टोळीवर मुकादम का लागतो ते पण आलं. पेपरात असं उदाहरण टाक, तपासणाऱ्याने दिवसभर तेच ते वाचलेलं असतं.

मॅस्लोचा पिरॅमिड (माणसाच्या गरजांच्या पायऱ्या), मार्केटिंगचे फोर पी वगैरे सोपं आहे, एका बैठकीत होतं, त्याचं टेन्शन घेऊ नको.

खरं टेन्शन घ्यायचं ते अकाउंटचं. कॉमर्सवाली पोरं दोन वर्षं डेबिट-क्रेडिट करून आलेली असतात आणि सर पण त्यांच्याच स्पीडने शिकवतात, सायन्सवाला तिथे मागे पडतो. रोज थोड्या जर्नल एन्ट्री (व्यवहाराची डेबिट-क्रेडिटमध्ये पहिली नोंद) हाताने लिही, व्हिडिओ बघून येत नाही ते. दिवाळीला घरी गेलास की बागेचा वर्षभराचा खर्च लिहून काढ, टिश्यूची रोपं, खतं, मजुरी, वीज, ड्रिप. ड्रिपपाशी अडशील, कारण नळ्या पुढच्या पिकाला पण चालतात, मग सगळे पैसे याच वर्षाच्या खर्चात कसे टाकायचे? तो प्रश्न सरांना विचार, डेप्रिसिएशन, म्हणजे वस्तूची किंमत थोडी थोडी करून दरवर्षीच्या खर्चात टाकणं, तिथूनच सुरू होतं.