वाचकांचे प्रश्न : अंगठे साडेतीनशे, प्रेक्षक साठ

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था सांगलीत ४० वर्षे काम करते आहे. फेसबुकवरच्या निमंत्रणाला साडेतीनशे अंगठे मिळतात, प्रयोगाला जेमतेम साठ माणसे येतात. तरुण सभासद म्हणतात, रोज काहीतरी टाकत राहिले पाहिजे. ज्येष्ठांना हा खटाटोपच नको आहे. आम्ही काय करावे? – एक कार्यवाह

उत्तर : रोज काय टाकायचे हे ठरवण्यापूर्वी सध्या काय टाकले जाते ते पाहू. पत्रासोबत आपण पाठवलेले निमंत्रण हे एक चित्र आहे. त्यात नाटकाचे नाव वळणदार अक्षरांत आहे, प्रमुख पाहुण्यांची तीन छायाचित्रे आहेत आणि खाली कोपऱ्यात ‘शनिवारी सायं. ७ वा.’ एवढेच आहे. कोणता शनिवार, तिकीट किती, नाटक किती वेळाचे, याचा पत्ता नाही. असे चित्र हातोहात पुढे जाते आणि प्रयोग होऊन महिना झाला तरी कोणाच्या तरी मोबाइलवर नव्याने उगवते. शिवाय मजकूर चित्रात अडकलेला असल्यामुळे तो शोधताना सहसा सापडत नाही आणि अंध रसिकाच्या फोनलाही तो नीट वाचून दाखवता येत नाही. डीटीपीवाल्याकडून चित्र जरूर करून घ्यावे, परंतु त्याखाली तोच तपशील युनिकोड मराठीत (कोणत्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत), तारीख, वार आणि वर्षासह टंकित करावा. पाहुण्यांची छायाचित्रे काढून टाकल्यास पाहुणे रुसतील. प्रेक्षक रुसल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

त्या साडेतीनशे अंगठ्यांत पुण्याला स्थायिक झालेले जुने सभासद आणि परदेशातली भाचरे किती आहेत, हेही एकदा मोजून पाहावे. गावातल्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप अधिक उपयोगी पडतो, मात्र ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा, पाठवलेला निरोप ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यालाच पोहोचतो. म्हणून मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी एका सभासदाला संस्थेच्या क्रमांकाची पाटी आणि वही देऊन उभे करावे, आणि लोकांकडून तो क्रमांक तिथल्या तिथे साठवून घ्यावा.

संस्थेचा ब्लॉग सुरू करण्याला मात्र ज्येष्ठांनी नाही म्हणू नये, कारण ते काम त्यांचेच आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण तीस वर्षांपूर्वी आपल्याच संस्थेच्या नाटकाची प्रकाशयोजना कोणी केली आणि नेपथ्य कोणाचे होते असे विचारले, तर एखाद्या वयोवृद्ध सभासदाला फोन करावा लागतो. प्रत्येक प्रयोगाची तारीख, नाट्यगृह आणि संपूर्ण श्रेयनामावली ब्लॉगवर नोंदवावी. फेसबुकवरची नोंद वर्षभराने टाकणाऱ्यालाही सापडत नाही.

संपूर्ण प्रयोग चित्रित करून यूट्यूबवर टाकण्याचा विचार आपण पत्रात मांडला आहे. नाटककाराला मानधन देऊन घेतलेली प्रयोगाची परवानगी चित्रीकरण प्रसारित करण्यासाठी पुरत नाही. ती वेगळी आणि लेखी घ्यावी लागते. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८२ सालचे ‘सौभद्र’ या मुदतीबाहेर आहे, त्यामुळे त्यातली पदे आपण खुशाल गावीत. परंतु एखाद्या गायकाची ध्वनिमुद्रिका मागे लावायची असेल, तर तिचा हक्क निराळा असतो.

प्रश्न : आम्ही अनाथ व निराधार मुलांचे वसतिगृह चालवतो. देणगीदार मुलांसोबत केक कापतात आणि ती छायाचित्रे आम्ही संस्थेच्या पानावर टाकावीत असा आग्रह धरतात. काय करावे? – एक कार्यकर्ती, लातूर

उत्तर : ती टाकू नयेत, आणि आधीची काढून टाकावीत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र यांसारखी ओळख उघड करणारी कोणतीही गोष्ट प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. चेहरा धूसर करूनही गणवेशावरचा बिल्ला तसाच राहिला, तर मूल ओळखू येतेच. देणगीदाराला दाखवण्यासारखे पुष्कळ आहे : महिन्याला किती ज्वारी लागते, गळके छप्पर दुरुस्त करायला किती खर्च आला, त्याची पावती, तव्यावर टम्म फुगलेली भाकरी. एवढ्यावर ज्याचे समाधान होत नाही, त्याला देणगीपेक्षा वाढदिवस साजरा करण्याची हौस अधिक आहे.

प्रश्न : अमेरिकेतील एक परिचित आमच्या पानावरचा क्यूआर कोड पाहून मोठी रक्कम देऊ इच्छितात. स्वीकारावी का? – एक विश्वस्त

उत्तर : आधी त्यांचे पारपत्र विचारावे. ते भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक व्यवहाराने पैसे पाठवत असतील, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले तरी ती विदेशी देणगीच होय. तिच्यासाठी एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशेष खात्यातच घ्यावी लागते. क्यूआर कोडशेजारी ‘परदेशी नागरिकांनी यावर पैसे पाठवू नयेत’ अशी एक ओळ आजच लिहावी.